सतरंजीची उलट बाजू

दरवर्षी दिवाळीच्या सफाईत आमच्या यवतमाळच्या घरातली जुनी सतरंजी गच्चीवर उन्हात पडते. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, आणि वजन असे की दोघांनी धरल्याशिवाय ती जिना चढत नाही. निळे आणि तांबडे पट्टे, त्यांच्यामधून मळकट पांढऱ्या रेघा, दोन्ही टोकांना पीळ देऊन गाठलेल्या दशा. एका टोकाला, दशांच्या वर चार बोटांवर, पांढऱ्या सुतात अक्षरे विणलेली आहेत : 'ग. वि. सन १९४१'. ही माझ्या आजोबांची आद्याक्षरे.

मागच्या दिवाळीला पुण्याहून भाचा आला होता. घरे सजवून देण्याचा त्याचा व्यवसाय आहे. गच्चीवर सतरंजी पाहून तो म्हणाला, "मामा, ही आता अंथरू नका. काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावू." मी विचारले, "लावताना कोणती बाजू बाहेर ठेवशील?" तो हसला. "सतरंजीला कुठे उलट-सुलट असते?" मग त्याने कोपरा उलटून पाहिला आणि गप्प झाला. पट्टे तसेच होते, रंग तसेच होते, पण अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी झाली होती.

साठ वर्षे त्या सतरंजीवर बसून माझ्याही ही गोष्ट नीट ध्यानात आली नव्हती. पट्ट्यांना उलट बाजू नाही. ती आणली नावाने. त्या एका निरीक्षणातून अंथरायच्या वस्तूंविषयीच्या माझ्या आवडीनिवडी मी पुन्हा तपासल्या. त्या तपासणीचा हा लेख आहे. आपल्याकडे चित्राची समीक्षा होते, नाटकाची होते, अलीकडे इमारतींचीही होऊ लागली आहे. पण ज्यावर बसून आपण या सगळ्याची चर्चा करतो त्या वस्तूबद्दल 'दणकट आहे' किंवा 'छान आहे' यापलीकडे आपण बोललेलो नाही.

गाठी मोजणारी नजर

माझ्या आवडीचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. तरुणपणी मला या सतरंजीची लाज वाटे. बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते तेव्हा शेजाऱ्यांकडून मखमली गालिचा मागून आणला. यंत्रावर छापल्यासारखा विणलेला, मध्ये मोर आणि कारंजे असलेला. तो आम्ही या सतरंजीवर अंथरला. पुढे नोकरीत चार पैसे साठल्यावर नागपुरात एका दुकानातून 'हाताने विणलेला' म्हणून लोकरीचा गालिचा घेतला. मऊ, दाट, मध्ये मोठे कमळासारखे पदक, चारी बाजूंना वेलींचा काठ. सात-आठ वर्षांत त्याच्या पाठीमागून पिवळसर भुकटी झडू लागली. खोलीला रबराचा वास येऊ लागला. तेव्हा कळले की तो विणलेला नव्हताच. ताणलेल्या कापडात पिस्तुलासारख्या हत्याराने लोकर टोचून भरली होती. ती निसटू नये म्हणून मागे लॅटेक्स फासून वर दुसरे कापड चिकटवले होते. हे काम हाताने होते हे खरे, त्यामुळे दुकानदार अगदीच खोटे बोलला होता असे नाही. पण गालिच्यात ज्याला वीण म्हणतात ती त्यात नव्हती.

त्या नुकसानीतून मी एक धडा शिकलो : गालिचा पाहायचा असेल तर उलटून पाहावा. खऱ्या गाठींच्या गालिच्यात ताण्याच्या प्रत्येक दोन धाग्यांभोवती लोकरीची किंवा रेशमाची गाठ बसवलेली असते. एक ओळ गाठींची, मग बाण्याचे धागे, मग ठोकणी, मग पुढची ओळ. पाठीमागे नक्षी जवळजवळ तितकीच स्पष्ट दिसते आणि गाठी मोजता येतात. काश्मीरमध्ये ही नक्षी 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत कागदावर उतरवलेली असते. कोणत्या रंगाच्या किती गाठी हे त्यातून वाचत विणकर ओळ पुरी करतो. भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यातही गाठींचे गालिचे मोठ्या प्रमाणावर होतात. या दोन्ही ठिकाणच्या हाती विणलेल्या गालिच्यांना आज भौगोलिक मानांकन आहे.

अशा तऱ्हेने मी गाठी मोजणारा झालो. कोणाच्याही घरी गेलो की गालिच्याचा कोपरा उलटायचा, बोटाच्या पेराइतक्या जागेत किती गाठी ते पाहायचे आणि मनात यजमानाची किंमत ठरवायची. या नजरेचे सर्वांत मोठे तीर्थक्षेत्र लंडनमध्ये आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबीलचा गालिचा साडेदहा मीटर लांब आणि पाच मीटरहून अधिक रुंद आहे. त्यात सुमारे २ कोटी ६० लाख गाठी आहेत. १८९३ साली विल्यम मॉरिससारख्या जाणकाराच्या शिफारशीवरून तो २००० पौंडांना घेतला गेला. रंग उडू नयेत म्हणून त्याच्यावरचे दिवे दर अर्ध्या तासाने थोडा वेळच लावतात. त्याच्यावर कोणी बसत नाही हे सांगायला नको.

त्या गालिच्यावरही अक्षरे आहेत. हिजरी सन ९४६, म्हणजे १५३९-४०, आणि मक्सूद काशानी हे नाव. पण मक्सूद हा गाठी बांधणारा नव्हे. तो आराखडा करणारा किंवा दरबारातर्फे काम करवून घेणारा असावा असे मानले जाते. गाठी बांधायला कित्येक माणसे कित्येक वर्षे बसली असतील. अडीच कोटींहून जास्त गाठी, आणि नाव एकच, तेही बहुधा दुसऱ्याचे. ही माहिती वाचली तेव्हा मला आमच्या सतरंजीवरची आजोबांची आद्याक्षरे आठवायला हवी होती. आठवली नाहीत. मी गाठी मोजण्यात गुंतलो होतो.

पट्ट्याला मध्य नसतो

सतरंजीत गाठ नसते, त्यामुळे गाठी मोजणाऱ्याच्या हिशेबात तिची किंमत शून्य होते. ती समजून घ्यायला वेगळीकडून सुरुवात करावी लागते.

सतरंजीचा ताणा जाड, पीळदार सुताचा. बाणा त्याहून सैल. बाण्याची प्रत्येक ओळ पंजा नावाच्या लोखंडी दात्यांच्या हत्याराने इतकी घट्ट ठोकतात की ताणा पूर्ण झाकला जातो. दिसतो तो फक्त बाणा, आणि दोन्ही बाजूंना सारखाच. रंग बदलायचा तर बाण्याचे सूत बदलायचे की झाला आडवा पट्टा. ओळीच्या मध्येच रंग बदलायचा असेल, फूल किंवा अक्षर काढायचे असेल, तर प्रत्येक रंगाचे सूत त्याच्या हद्दीपर्यंत नेऊन परत वळवावे लागते. ते कष्टाचे काम आहे. म्हणून सतरंजीची सहज भाषा पट्ट्याची आहे. जमते सगळेच. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या बायका उभ्या मागावर जमखान्यांत मोर आणि सोंगट्यांचा पट विणतात.

'सतरंजी' या शब्दाची फोड लोक 'सात रंग' अशी करतात. शब्द मात्र 'शतरंज'शी, म्हणजे मुळात आपल्याच 'चतुरंगा'शी नाते सांगतो. 'आईने अकबरी'त बादशाही फरासखान्याचे वर्णन आहे, त्यात जाजम आणि शतरंजी हे दोन्ही शब्द येतात. त्याच ग्रंथात वऱ्हाडच्या महालांत 'योत-लोहारा' असे नाव आहे. ते म्हणजे आमचे यवतमाळ आणि त्याला लागून असलेले लोहारा. अबुल फजलच्या यादीत आमचे गाव आणि आमची बैठक दोन्ही आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रकरणांत.

वऱ्हाडला सतरंजी परकी नव्हती. कापसाचा मुलूख, आणि सतरंजीला लागणारे जाड सूत आखूड तंतूच्या देशी कापसातूनही निघते. तलम कापडाला लांब तंतू लागतो, सतरंजीला लागत नाही. इंग्रजी अमदानीतल्या वऱ्हाडच्या वर्णनांत जाड सतरंज्या आणि घोड्याचे चारजामे या इथल्या ठळक मालांमध्ये मोजलेले आहेत. मात्र आमच्या भागातला बहुतेक कापूस कच्चाच बाहेर जाई. १९०३ साली मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. पुढे लोक तिला शकुंतला म्हणू लागले. ती मुख्यतः कापूस वाहण्यासाठीच होती. येथून रुई जायची आणि दुरून कापड यायचे. त्या व्यवहारात जी थोडी कापडे कापसाच्या शेताजवळच विणली जात राहिली त्यांत सतरंजी होती.

आता तिच्या सौंदर्याकडे येतो. पदकाचा गालिचा उभ्याने पाहावा लागतो. त्याला मध्य आहे, चार कोपरे आहेत, काठ आहे. खोलीत शिरणाऱ्याची नजर मध्यावर जाते. तिथे जो बसेल तो आपोआप मुख्य होतो. इराणात, तुर्कस्तानातही लोक जोडे काढून गालिच्यावर बसतातच. पण युरोपात गेल्यावर तो आधी टेबलांवर चढला, जुन्या चित्रांत तो तसा दिसतो. मग तो जोड्यांखाली आणि खुर्च्यांखाली गेला. आज आपल्या दुकानांत गालिच्याची जी कल्पना विकली जाते ती तिथून परत आलेली आहे. सोफ्यासमोरचा तुकडा, पाहायचा, फार तर पाय ठेवायचा.

सतरंजीच्या पट्ट्याला मध्य नसतो. तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो आणि थांबतो. आमच्या सतरंजीचा तांबडा पट्टा साधारण वीतभर, निळा दोन वीत. मांडी घालून बसलेल्या माणसाला एक निळा आणि एक तांबडा पट्टा पुरतो. मुले तर भांडून आपापला पट्टा वाटून घेत. पंगतीला, भजनाला, भागवत सप्ताहाला माणसे ओळीने बसतात. पट्टा त्या ओळीला न सांगता आखून देतो. ती दुमडता येते, अर्धी अंथरता येते, दुसऱ्या सतरंजीला जोडली तर नक्षी मोडत नाही. एक बाजू मळली की उलटून घ्यायची. उन्हाळ्यात ती अंगाला टोचत नाही, कारण तिच्यात लोकर नाही. आणि आमच्या जिल्ह्यातला उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला लोकरीच्या गालिच्यावर मे महिन्यात बसणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे म्हणणाऱ्या भाषेने अंथरुणाकडे नेहमी मापाच्या नजरेने पाहिले आहे. सतरंजीचे सौंदर्य हे मापाचे सौंदर्य आहे.

इथवर पोचल्यावर मला समाधान वाटले होते. गालिच्याला मध्य, म्हणून तो दरबारी. सतरंजीला मध्य नाही, म्हणून ती समतेची. गालिच्याला उलट बाजू, सतरंजीला नाही. या मांडणीवर मी एका अभ्यासवर्गात भाषणही केले आणि टाळ्या घेतल्या. भाच्याने कोपरा उलटला तेव्हा ती मांडणी ढासळायला लागली.

'जेलची' म्हणजे काय

आमच्या घरात या सतरंजीला नावच 'जेलची' होते. आजी पाहुण्यांना सांगायची, "जेलची हाय. तीन पिढ्या जाईन." जेलची सतरंजी ही त्या काळात दर्जाची खूण होती. सूत पुरे, ठोकणी घट्ट, मापात लबाडी नाही. तुरुंगांतले माग एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहेत. येरवड्याच्या गालिच्यांचे तर नाव होते. आजही आपल्या राज्यातल्या कारागृहांत माग चालतात आणि दिवाळीच्या सुमारास तिथल्या मालाची विक्री होते.

या कैद्यांच्या कामावर टीका करणारा एक माणूस आपल्या मुलखात जन्मलेला होता. जॉर्ज बर्डवूड, जन्म बेळगाव, १८३२. 'द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' हा त्याचा ग्रंथ १८८० चा. हिंदुस्थानी गालिच्यांवर त्याचे खरे प्रेम होते. तुरुंगातल्या स्वस्त उत्पादनाने पिढीजात विणकरांचा धंदा आणि गालिच्याची कला दोन्ही बिघडली, नव्या रासायनिक रंगांनी रंगाची जाण घालवली, अशी त्याची तक्रार होती. तक्रार बऱ्याच अंशी बरोबर होती. पण ती कलेच्या बाजूने होती. माग ओढणाऱ्या कैद्याचे काय, हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी नव्हता. बर्डवूडच्या रुचीला मर्यादा होत्या हे पुढेही दिसले. १९१० साली लंडनच्या एका सभेत त्याने जावातल्या बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. गालिच्याचे रंग अचूक ओळखणारा डोळा मूर्तीपुढे आंधळा ठरला. समीक्षकाने हे उदाहरण खिशात ठेवावे. एका वस्तूची पारख आली म्हणजे पारख आली असे नाही.

माझी पारखही घरच्या कथांनी झाकलेली होती. वडील म्हणत, या सतरंजीचे रंग नैसर्गिक आहेत. नाहीत. तांबडा रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्या रेघांत उतरला होता, त्याचे गुलाबी डाग अजून आहेत. आणि कारखान्यातली नीळ १८९७ पासून बाजारात असताना १९४१ साली तुरुंगाने झाडापाल्याची नीळ वापरली असेल असे मानण्यात श्रद्धा जास्त आहे. दुसरी कथा त्याहून गोड होती. सन १९४१, म्हणजे वैयक्तिक सत्याग्रहाचे दिवस. ऑक्टोबर १९४० मध्ये शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पवनारहून विनोबांनी त्याची सुरुवात केली होती आणि तुरुंग सत्याग्रह्यांनी भरले होते. 'कोणा सत्याग्रह्यानेच विणली असेल' असे आमच्या घरात म्हटले जाई, आणि सतरंजीवर बसताना देशकार्यावर बसल्यासारखे वाटे.

आज मला ही कथा पटत नाही. सत्याग्रह्यांच्या शिक्षा बहुधा काही महिन्यांच्या, फार तर वर्षभराच्या. सतरंजीचे पट्टे एखादा नवखा विणू शकेल. पण बारा फुटांत काठ एक बोटही आत-बाहेर होऊ न देणे, आणि ओळीच्या मध्ये सूत वळवून गोलाई असलेली देवनागरी अक्षरे काढणे याला मुरलेला हात लागतो. तुरुंगात हात मुरतो तो लांब शिक्षेत. ही सतरंजी बहुधा अशा माणसाने विणली ज्याच्या नावाने कुठे चौक नाही, ज्याच्यासाठी कोणी घोषणा दिल्या नाहीत. त्याने काय केले होते हा वेगळा प्रश्न. पण आजीने जिला 'दणकट' म्हणून वाखाणले ती ठोकणी, काम सोडून उठण्याची मुभा नसलेल्या माणसाची होती. दर्जाची जी खूण आम्ही मिरवत होतो ती सक्तीची खूण होती. त्या माणसाने अक्षरे विणली ती आजोबांची. स्वतःचे अक्षर विणायला त्याला जागा नव्हती.

आणि तिथेच सतरंजीला उलट बाजू आली. पट्टे कोणाचेच नसतात, म्हणून ते दोन्हीकडून सारखे. नाव एकाचे असते, म्हणून ते एकाच बाजूने वाचता येते.

कोण बसले, कोणी उचलली

एवढ्यावर लेख संपला असता तर बरे झाले असते, कारण दोष तुरुंगाकडे गेला असता. पण सतरंजीवर कोण बसते हा प्रश्न आमच्या ओसरीवरचा आहे.

आमच्याकडे सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचे, ज्वारीची पोती आणि वर रोख रक्कम. तो सकाळी चहाला यायचा, दिवाळीला जेवायला यायचा, आजोबांशी पीकपाण्यावर तास तास बोलायचा. बोलायचा तो ओसरीच्या कडेला, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, फार तर पोत्यावर बसून. सतरंजी चार हातांवर अंथरलेली असे. त्याला कोणी 'बसू नको' म्हटल्याचे मी ऐकले नाही. म्हणायची वेळच आली नाही, कारण तो बसला नाही. सतरंजीची कड ही रेघ होती आणि ती सगळ्यांना पाठ होती. मी तिच्या पट्ट्यांत समता पाहिली ती सतरंजीवर बसून. कडेबाहेरून ते पट्टे कसे दिसत असतील, याचा विचार मी भाषणात केला नव्हता. शिवाय ती रोज सकाळी अंथरायची कोणी आणि रात्री झटकून, घडी करून उचलायची कोणी? त्यानेच.

मराठीत 'सतरंज्या उचलणे' हा वाक्प्रचार राजकारणातून रुळला. तिकीट दुसऱ्याला मिळाले की कार्यकर्ता म्हणतो, 'आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या?' या तक्रारीत एक जुनी व्यवस्था बोलते. अंथरणाऱ्यांचे, म्हणजे फरासांचे एक खातेच असे. पेशवाईत तंबू, कनाती, जाजमे जिथे ठेवत त्या पुण्यातल्या फरासखान्याचे नाव आता पोलीस ठाण्याला उरले आहे. मोठ्यांच्या वाटेवर पायघड्या घालणारेही वेगळे आणि त्यांवरून चालणारे वेगळे. बसणारा आणि उचलणारा यांच्यातले हे अंतर जगभर आहे. इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यात वॉटर्लू दालनात एक प्रचंड गालिचा आहे. तो आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी विणला. वजन दोन टन. नोव्हेंबर १९९२ मध्ये किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नास सैनिक लागले. आग्र्याचे कैदी, राणीचा महोत्सव, पन्नास सैनिक : सतरंजी उचलण्याची एवढी मोठी गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही. आमची सतरंजी त्या गालिच्याची गरीब नातलग आहे. तिची कूळकथा मात्र तीच आहे.

मग ही सतरंजी मला आवडते त्याचे काय करायचे? वस्तूचा इतिहास वाईट निघाला की आवड मागे घ्यायची, असा एक सोपा नियम हल्ली केला जातो. मला तो मान्य नाही. बालमजुरीच्या विरोधात १९९४ साली गालिच्यांवर 'रगमार्क' ही खूण आली. कैलाश सत्यार्थी त्या कामामागे होते. त्या चळवळीने गालिचे आवडू नयेत असे सांगितले नाही, ते कोणाच्या हातांनी झाले ते विचारा असे सांगितले. समीक्षेचेही काम तेच असावे. सतरंजीचा काठ सरळ आहे हे मी म्हणत राहीन. तो सरळ का आहे हेही त्याच वाक्यात म्हणेन. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की एक भिंतीवर जाते आणि दुसरी अहवालात.

म्हणूनच भाच्याचा प्रस्ताव मी नाकारला. भिंतीवर गेलेल्या सतरंजीची एकच बाजू उरते, आणि ती नावाची असते. काचेमागे गेली की ती 'ग. वि.' यांची वस्तू म्हणून कायमची वाचली जाईल. जमिनीवर ती रोज उलटता येते.

आज तिला नवे भावंड मिळणे कठीण आहे. लोहाऱ्याला डेनिम विणणारी मोठी गिरणी आहे, जिल्हा अजून कापसाने पांढरा होतो, पण बैठकीला येतात त्या प्लॅस्टिकच्या चटया. बिछायत केंद्रातून मांडवात येतो तो कृत्रिम धाग्यांचा लाल-हिरवा पट्टा. तो विणलेलाही नसतो, तंतू दाबून चिकटवलेले असतात. दोन-चार लग्ने आणि एक दुर्गोत्सव झाला की तो कचऱ्यात जातो. त्याला नाके मुरडणे सोपे आहे. पण प्लॅस्टिकची चटई शंभर-दोनशे रुपयांत येते, एका हाताने उचलली जाते, पाण्याने धुतली जाते. ज्या घरात कधीच सतरंजी नव्हती त्या घराने ती घेतली आहे. माझी अभिरुची तिला नावे ठेवणार असेल, तर आधी कापसाच्या जिल्ह्यात कापसाची बैठक इतकी महाग का झाली याचे उत्तर तिने द्यावे.

माझी आवड आता अशी ठरली आहे. गाठींपेक्षा मला सपाट वीण आवडते. पदकापेक्षा पट्टा आवडतो. रंग नैसर्गिक आहेत की रासायनिक यापेक्षा ते शेजारी शेजारी कसे बसतात ते मी पाहतो. आणि कोपरा मी अजूनही उलटतो, पण आता गाठी मोजायला नाही.

या दिवाळीला त्या सालगड्याचा मुलगा घरी आला होता. तो निवृत्त शिक्षक आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. सतरंजी उन्हातून आणून नुकतीच अंथरली होती. मी मुद्दाम म्हटले, "या भाऊ, इथे बसा." मनात लेख तयार होता, त्याला शेवट हवा होता. ते सतरंजीकडे पाहत थोडे थांबले, मग भिंतीजवळची खुर्ची ओढून बसले. "आता खाली बसनं होत नाही भाऊ, टोंगये दुखतेत." चहा झाला. निघताना त्यांनी वाकून तिचे एक टोक चिमटीत धरले, ठोकणी अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाले, "बाबा सांगत, लई जड हाय म्हनून."

ते गेल्यावर मी आणि बायकोने दोन टोके धरून सतरंजी उलटून अंथरली.